सदर माल तपासला

दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, धाकटे आजोबा कुठे आहेत, दर वर्षी फराळाला असतात ना. मी म्हटलं, त्यांचा गुडघा दुखतोय. ते खोटं होतं. त्यांचा गुडघा ठणठणीत आहे. ते माझ्याकडे येत नाहीत, मी त्यांच्याकडे जात नाही, आणि त्याचं कारण समुद्र आहे. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मलाही गेलं असतं. माझं शिक्षण पुण्यात, कॅम्पातल्या शाळेत, पूर्ण इंग्रजीतून झालं आणि पिंपरीच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत मी आयुष्यभर रिपोर्ट लिहिले तेही इंग्रजीतच. पण जे घडलं ते एका मराठी शब्दावरून घडलं, आणि तो शब्द इंग्रजीत नेला की त्यातली खोच निघून जाते. अडलं तर आईला विचारा.

लग्न होऊन मी भोसरी गावात आले तेव्हा तुमचे धाकटे आजोबा दहावीला दुसऱ्यांदा बसत होते. घरची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती. तुमच्या आजोबांना नोकरी लागली होती, पण या धाकट्याचं काय करायचं हा घरात रोजचा विषय होता. इंग्रजी आणि शास्त्र, दोन विषयांनी त्यांना अडवून धरलं होतं. सासूबाई म्हणाल्या, शिकलेली सून आणलीय तर तिचा घराला काहीतरी उपयोग होऊ दे. मग रोज संध्याकाळी माझ्या भाकऱ्या होईपर्यंत भाऊजी स्वयंपाकघरात पाटावर बसून धडे म्हणायचे. रीतीप्रमाणे मी त्यांना भाऊजी म्हणत होते आणि अहो-जाहो करत होते, आणि त्याच तोंडानं स्पेलिंग चुकलं म्हणून रागवतही होते. लोखंडाचे क्षार दोन प्रकारचे, फेरस आणि फेरिक. त्यातला दोनवाला कुठला नि तीनवाला कुठला, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात राहीना. एक दिवस स्वतःच म्हणाले, "जमलं बघा वहिनी. फेरस म्हंजी मी, फेरिक म्हंजी दादा." दोनवाला धाकटा, तीनवाला थोरला, आणि दादा म्हणजे तुमचे आजोबा. मग कधी चुकले नाहीत.

पास झाले तेव्हा पेढ्यांचा पुडा देवापुढे ठेवायच्या आधी त्यांनी माझ्या हातात दिला, आणि त्यावरून सासूबाईंची बोलणी खाल्ली.

हे एवढ्यासाठी सांगितलं की ते माझे नुसते दीर नव्हते. मला भाऊ नाही. माझ्या हाताखाली शिकून मोठा झालेला पहिला माणूस तो.

पुढे त्यांनी एमआयडीसीत शेड टाकली. सुरुवातीला दोन लेथ मशिनं होती. माल सारखा रिजेक्ट व्हायचा, कारण कामगार सकाळी मशीन सुरू करायचे ते संध्याकाळी माप घ्यायचे. रविवारी जाऊन मी त्यांना तपासणीची पद्धत बसवून दिली. आधी एक नग काढायचा, तो मापायचा, बरोबर असेल तर त्यावर हिरव्या खडूनं खूण करायची, आणि मगच बाकीचे काढायचे. भोसरीत याला पहिला पीस म्हणतात. पहिला पीस पास तर लॉट पास. मशीन हललं नाही, कापायचं हत्यार बदललं नाही, तर शंभरावा नगही पहिल्यासारखाच निघतो. लोखंडाच्या नगांसाठी ही पद्धत चांगली आहे. मीच शिकवली.

नंतर लेथ गेली आणि तारेचं काम आलं. तार आणि सळ्या गंधकाच्या ॲसिडच्या टाकीत बुडवून त्यांचा गंज उतरवायचा. याला पिकलिंग म्हणतात, लोणच्याशी संबंध नाही. ते ॲसिड वापरून थकलं की त्यात लोह भरपूर उतरलेलं असतं. आणखी थोडं भंगार टाकून ते थंड होऊ दिलं की तळाशी फिकट हिरवे खडे बसतात. त्यांना हिराकस म्हणतात. पूर्वी शाई करायला वापरायचे, हल्ली शेतात आणि पाणी शुद्ध करायला वापरतात.

तीन वर्षांपूर्वी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातले प्राध्यापक हिराकस शोधत भाऊजींच्या शेडवर आले. त्यांना ते समुद्रासाठी हवं होतं. भाऊजींना वाटलं, माणूस वेडसर आहे. त्यांनी त्याला गाडीत घातलं आणि कासारवाडीला माझ्या फ्लॅटवर आणून सोडलं. "वहिनी, हे सर काय म्हणत्यात ते जरा इंग्लिशमदी समजून घ्या," म्हणाले, आणि स्वतः बाल्कनीत जाऊन रेल्वे बघत बसले.

सरांनी मला सांगितलं ते थोडक्यात असं. समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात. छोटे जीव त्या खातात, त्यांना मासे खातात, आणि असं करत ती साखळी देवमाशापर्यंत जाते. शिवाय या वनस्पती हवेतला कार्बन ओढून घेतात. पण समुद्राचे मोठमोठे पट्टे असे आहेत की तिथे बाकी सगळं खत आहे आणि फक्त लोह नाही. पूर्वी देवमासे पुष्कळ होते तेव्हा त्यांच्या विष्ठेतून लोह पुन्हा वरच्या पाण्यात यायचं. माणसांनी देवमासे मारले आणि ते फिरणं मंदावलं. आता ते लोह थोडंथोडं परत द्यायचं. किती? चिमूटभर. हौदभर पाण्यात दिसणारही नाही इतकं.

मला हे ताबडतोब पटलं. बाळंतपणात माझं हिमोग्लोबिन इतकं उतरलं होतं की जिना चढताना मी भिंत धरायचे. तेव्हा डॉक्टरांनी जी गोळी दिली तीही लोहाचीच, याच हिराकसाच्या जातीची. महिन्याभरात माझ्या तोंडावर रंग आला. एवढ्याशा गोळीनं अख्खं माणूस उभं राहतं हे मी अंगावर अनुभवलं होतं.

सरांचा मोकळेपणाही मला आवडला. ओढलेला कार्बन खरंच तळाशी जाऊन राहतो की पुन्हा वर येतो, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. एका जागी लोह टाकून दुसरीकडच्या माशांचं अन्न कमी होईल का, हेही माहीत नाही. उघड्या समुद्रात असं काही टाकायला आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधन आहे, आणि ते असावं, म्हणाले. म्हणून त्यांना कोकणात एका खाडीच्या काठावर प्लास्टिकच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून नुसतं बघायचं होतं. टाक्यांत ठीक झालं तर शेजारचं कोळंबीचं एक बंद पडलेलं तळं. ते तळं उधाणाच्या भरतीला फाटक उघडून खाडीला जोडता येत होतं.

ते गेल्यावर भाऊजी आत आले. मी त्यांना सगळं परत मराठीत सांगितलं. म्हणाले, "म्हंजी वहिनी, आपलं जे फेकायचं ते दर्याला औषध?"

मी म्हटलं, तसंच काहीसं. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला. मला वाटलं, किती पटकन कळलं यांना. आता ते वाक्य आठवलं की वाटतं, त्यांनी शब्दही लपवले नव्हते. मीच ते नीट ऐकलं नाही.

हिराकस शुद्ध आहे हे कोणीतरी लिहून द्यायला हवं होतं. सर म्हणाले, बाहेरच्या लॅबमधून करून घेऊ. भाऊजी म्हणाले, घरात एवढ्या मोठ्या केमिस्ट असताना बाहेर कशाला? मला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. कोणी मला केमिस्ट म्हणालं की अजून बरं वाटतं. हे मी लपवत नाही.

भोसरीच्या शेडमध्ये तीन निळे ड्रम भरून ठेवले होते. तिन्हींतून वरचं, मधलं आणि तळाचं असं थोडं थोडं मी स्वतः काढलं, सरांच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं आणि दोन दिवस बसून तपासलं. लोह उत्तम होतं. शिसं नाही, क्रोम नाही, निकेल नाही. थोडं मँगनीज होतं, त्याची अडचण नव्हती. त्यातलं थोडं मी बाटलीत भरून, चिठ्ठी लावून, घरी कपाटात ठेवलं. ती माझी जुनी सवय.

कागद दोन भाषांत हवा होता. एक सरांच्या फाइलसाठी इंग्रजीत, एक खाडीकाठच्या लोकांना वाचून दाखवायला मराठीत. इंग्रजी कागद अर्ध्या तासात झाला. मराठीला मी अडखळले. टेबलापाशी बसून लिहिलं, "सदर नमुना तपासला." भाऊजी समोर चहा पीत होते. मी मोठ्यानं वाचलं.

"नमुना नका लिहू वहिनी," ते म्हणाले.

"का?"

"अहो, आमच्यात नमुना म्हंजी मी. नाक्यावर आलो की पोरं म्हणत्यात, आला बघा नमुना. ती कोकणातली माणसं काय म्हणतील? ह्या बाईनं कुनाला तपासलं?"

तुमच्या आईला विचारा, मराठीत 'नमुना' म्हणजे सॅम्पल, आणि विचित्र, हसू येईल असा माणूसही. मला हसू आवरेना. तुमचे आजोबा गेल्यापासून त्या टेबलावर मी अशी हसले नव्हते. "मग काय लिहू?" मी विचारलं. म्हणाले, "माल लिहा. साधा सरळ शब्द. सगळ्याला कळतोय."

मी खोडलं आणि लिहिलं, "सदर माल तपासला. समुद्राच्या पाण्यात वापरण्यास योग्य." खाली सही केली.

नमुना म्हणजे मी काढलेलं मूठभर. माल म्हणजे सगळं. जे समोर आहे ते, आणि जे अजून यायचं आहे तेही. आयुष्यभर मी हाताखालच्या लोकांना सांगत आले की आपण नमुन्यावर सही करतो, मालावर नाही. हा फरक इंग्रजीत माझ्याकडून कधीच सुटला नसता. आणि नाही सुटला. त्या दिवशीच्या इंग्रजी कागदावर 'सॅम्पल' हाच शब्द आहे.

त्यांनी ते मुद्दाम केलं का, हे मला माहीत नाही. मी पुष्कळ विचार केलाय. कधी वाटतं, त्यांना खरंच गंमत सुचली आणि उपयोग नंतर ध्यानात आला. कधी वाटतं, बाल्कनीत रेल्वे बघत बसले होते तेव्हाच सगळं ठरलं होतं.

मग आम्ही खाडीवर गेलो, सर, मी आणि भाऊजी. काठावरच्या बायका ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या वेचतात. शिंपल्यातला हा जीव तुम्ही इथे आला होतात तेव्हा खाल्लाय. त्या पंधरा-वीस जणी टाक्यांपाशी जमल्या. मी कागद वाचून दाखवला आणि मग माझ्या पद्धतीनं समजावलं, की पोटुशीला जशी लोहाची गोळी, तसं हे. त्यांना ते कळलं. सगळ्या बाळंतपणं झालेल्या. एक वयस्कर कोळीण माझ्याच वयाची असेल. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, वाचता येत नसताना नीट वरून खाली पाहिला, आणि विचारलं, "बाय, तू खाशील का या पान्यातल्या तिसऱ्या?"

"खाईन," मी म्हटलं.

तिनं कागद परत दिला. त्यांच्यापुरता तो विषय तिथे संपला.

परवानग्या मिळेपर्यंत वेळ गेला, आणि टाक्यांतले प्रयोग यंदा पावसाळ्याआधी झाले. चमचाभर हिराकस लागलं असेल. दोन टाक्यांचं पाणी सात-आठ दिवसांत हिरवट झालं आणि सरांनी मला फोटो पाठवले. तेच मी तुम्हाला पाठवले होते, आणि तुमच्यापैकी एकानं आजी समुद्राला जेवण देते असं चित्र काढलं होतं. मधल्या काळात भाऊजींनी खाडीवर बारा ड्रम पोचवले. सरांना म्हणाले, राहू द्या, पडूनच होते, पुढे तळ्याला लागतील. सर खूश झाले. असा उदार माणूस त्यांना उद्योगात कधी भेटला नव्हता. मला कळलं तेव्हा मीही खूश झाले.

आणि इथे मी दुसरी चूक केली. मी आकडेमोड केली नाही. अख्ख्या तळ्याला लोह लागणार होतं ते माझ्या लोणच्याच्या बरणीत मावलं असतं. मग बारा ड्रम कशाला? हा प्रश्न दहावीतल्या मुलीलाही पडला असता.

या दिवाळीच्या आधी दोन आठवडे सर माझ्याकडे आले. हातात काचेची बरणी होती, हिरव्या खड्यांनी भरलेली. येत्या अमावास्येच्या उधाणाला तळ्याचं फाटक उघडायचं होतं. त्यांचे काही पाहुणे ते बघायला येणार होते. तयारीसाठी नवा ड्रम उघडला तर खडे जरा वेगळे वाटले. "काकू, हा रंग जास्तच छान आहे," म्हणाले.

मी कपाटातली माझी बाटली काढून शेजारी ठेवली. माझं हिराकस फिकट, कच्च्या कैरीच्या आतल्या सालीसारखं. त्यांचं गर्द, पाचूसारखं. फार सुंदर होतं. असा रंग मी आधी पाहिला होता, आणि तो लोहाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताथवड्याला जाऊन मी परीक्षा केली. निकेल ओळखण्याची जुनी रीत आहे. आधी नायट्रिक ॲसिड टाकून उकळायचं, मग टार्टारिक ॲसिडनं लोहाला बांधून ठेवायचं, नाहीतर ते मध्ये लुडबुड करतं. मग अमोनिया, आणि शेवटी एका औषधाचे चार थेंब. निकेल असेल तर पाणी लालभडक होतं आणि कुंकू कालवल्यासारखा साका खाली बसतो. ही परीक्षा मी शेकडो वेळा केली असेल. चौथ्या थेंबाला नळी लाल झाली. तरीही मी नळी धुऊन सगळं पुन्हा केलं, कारण पहिल्या निकालावर विश्वास ठेवायचा नाही अशी माझी शिस्त आहे. दुसऱ्यांदा लाल झाली तेव्हा खुर्ची ओढून बसले. सरांनी पाणी आणून दिलं.

भोसरीच्या शेडमध्ये निकेल येतच नाही. निकेल चाकणला येतं. चार वर्षांपूर्वी भाऊजींनी तिथे प्लेटिंगचं युनिट घातलं होतं, गाड्यांच्या पार्टवर चमकदार मुलामा चढवायचं. जो पार्ट बिघडतो त्याचा मुलामा ॲसिडमध्ये उतरवावा लागतो, आणि ते ॲसिड म्हणजे निकेल, क्रोम आणि लोह यांची कढी. ते गटारात सोडता येत नाही. नियमानं त्याची विल्हेवाट लावायची तर परवाने, टँकर, तपासण्या, सगळी कटकट. पण त्याचेही खडे पाडता येतात. ते हिरवेच दिसतात. आणि निळ्या ड्रमवर "सदर माल तपासला" असा कागद चिकटवलेला असेल तर कोण विचारतो?

मी थेट चाकणला गेले. आधी फोन केला नाही. केला असता तर आवाजावरून त्यांना कळलं असतं, आणि माझ्या पोचण्याआधी टाकी धुऊन झाली असती. असा विचार त्यांच्याबद्दल माझ्या मनात आला, याचंच मला रिक्षात रडू आलं.

ते ऑफिसात होते. मी बरणी टेबलावर ठेवली. त्यांनी ती बघितली आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, की वहिनी, चहा घेणार का सरबत. मी म्हटलं, हे कुठल्या टाकीतलं आहे? त्यांनी नाकारलं नाही. त्याबद्दल मी त्यांना अजून थोडं मानते. म्हणाले, तीन ड्रम भोसरीचे, बाकीचे इथले. हिराकस ते हिराकस. ह्यात पण लोखंड हायच की.

मी म्हटलं, मी तीनच ड्रम तपासले होते.

"पहिला पीस पास म्हंजी लॉट पास, वहिनी," ते म्हणाले. "तुमीच शिकवलंय."

ते चेष्टेत बोलत नव्हते. चेहरा अगदी साधा होता, स्वयंपाकघरात पाटावर बसून उत्तर म्हणायचे तसा. ॲसिडची टाकी म्हणजे लेथ नव्हे, हे त्यांना माहीत नव्हतं असं मी कसं म्हणू? पंचवीस वर्षं ते ॲसिडमध्ये काम करतायत.

मी म्हटलं, तिथे बायका तिसऱ्या वेचतात. मी त्यांना खाईन म्हणून सांगितलंय.

तेव्हा ते चिडले. म्हणाले, दर्या किती मोठा हाय बघितलाय ना तुमी? त्यात आपलं चिमूटभर. त्याला काय व्हतंय?

मी उत्तर दिलं ते मला नीट आठवतं, कारण त्यानंतर आमच्यात बोलण्यासारखं काही उरलं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, चिमूटभर लोखंडानं समुद्र जागा होतो, म्हणून तर आपण हे सुरू केलं. मग चिमूटभर विषानं त्याला काहीच होणार नाही, असं कसं?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "दादा असते तर तुमी ही बरणी घेऊन आलाच नसता. घरातलं घरात ठेवलं असतं."

तुमचे आजोबा असते तर काय झालं असतं, याचा मी त्यानंतर बराच विचार केला. मला खातरीनं सांगता येत नाही. म्हणून ते वाक्य जास्त लागलं.

घरी येऊन मी सरांना कळवलं की कॉलेजच्या पत्त्यावर पत्र पाठवते आहे, आणि ते लिहिलं. मराठी कागदावरची माझी सही मी परत घेत आहे, मी फक्त तीन ड्रमांतला नमुना तपासला होता, बाकी नऊंमध्ये निकेल आहे, यातलं काहीही पाण्यात जाऊ नये. युनिट कोणाचं तेही लिहिलं. नातं लिहिलं नाही, पण ते सगळ्यांना माहीत होतं.

सरांचा फोन आला. दोन-तीनदा घसा साफ करून म्हणाले, "काकू, पाहुणे येऊन जाऊ देत का? तोपर्यंत पत्र थांबवता येईल? आपण त्या दिवशी फक्त चांगल्या ड्रममधलंच वापरू."

त्यांच्यावरही माझा विश्वास होता. कदाचित ते खरंच फक्त चांगलं वापरणार होते. पण त्या बाराही ड्रमांवर माझ्या त्याच मराठी कागदाची झेरॉक्स चिकटवलेली होती, आणि तिथल्या राखणदाराला निकेल वास घेऊन कळणार नव्हतं. मी म्हटलं, पत्र पोस्टात पडलंय. ते अजून टेबलावर होतं. फोन ठेवला, चपला घातल्या आणि कासारवाडीच्या पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. हे दुसरं खोटं, तेही तुम्हाला सांगून ठेवते.

उधाणाच्या दिवशी फाटक उघडलं नाही. पाहुण्यांना सरांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. नंतर सर माझ्याशी सरळ वागले. ड्रम परत पाठवायची व्यवस्था त्यांनीच केली.

खाडीवर मात्र मी एकटी गेले. बायकांना गोळा करून म्हटलं, मी जो कागद वाचला होता तो चुकीचा होता. पाण्यात अजून काही गेलेलं नाही. जाणार होतं, पण गेलं नाही. त्या वयस्कर कोळणीनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, म्हणेल की बाय, तुलापण फसवलं. मी मनाशी त्याचं उत्तरही तयार ठेवलं होतं.

ती म्हणाली, "मग तवा खाईन कशापायी म्हनलीस?"

मी म्हटलं, मला वाटलं होतं.

"वाटलं व्हतं," ती म्हणाली, आणि टोपली उचलून चिखलात उतरली. तिचं चुकलं नाही. मला माझ्या माणसानं फसवलं होतं, पण तिला फसवणारी मीच होते. ही गोष्ट मी अजून पुरती पचवलेली नाही. भाऊजींवर रागावणं त्या मानानं सोपं आहे.

ड्रम परत आले तेव्हा मी भोसरीच्या शेडवर हजर राहिले. बारा गेले होते, बारा परत आलेले मला डोळ्यांनी बघायचे होते. नाहीतर वाटेत कुठल्या नाल्यात दोन रिकामे झाले असते तर? हो, मी असा विचार करते आता. ट्रक आला. जुने कामगार ड्रम उतरवत होते. ते मला गेली तीस वर्षं वहिनीच म्हणत आलेत, भाऊजींचं ऐकून. त्या दिवशी कोणी काही म्हणालं नाही. मी एकेका ड्रमपाशी जाऊन झाकणावरचं सील बघितलं आणि माझा कागद नखानं खरवडून काढला. गोंद चिवट होता. चार कागद निघाले, बाकीचे अर्धवट फाटले. सहीचा भाग तेवढा मी प्रत्येकावरून काढला.

भाऊजी शेडच्या दारात उभे होते. ते पुढे आले नाहीत, त्यांनी मला अडवलंही नाही. नऊ ड्रम कसे आणि कुठे द्यायचे ते मी कागदावर लिहून आणलं होतं, परवाना असलेल्या कामासाठी कोणाकडे जायचं त्यासकट. तो कागद मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. पुढे त्यांनी ते ड्रम नीट दिले, एवढं मला सरांकडून कळलं आहे.

मी पिशवी उचलली. त्यांनी माझ्याकडे न बघता कामगारांकडे वळून सांगितलं, "मॅडमना रिक्षा बघून द्या रे कुनीतरी."

रिक्षा लगेच मिळाली.